घर बांधताना पुढची तजवीज किती करावी? कोल्हापूर परिसरातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरात, तसेच पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव, फुलेवाडी अशा वाढत्या भागांत स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारी कुटुंबे नकाशा हाती पडला की एकाच पेचात सापडतात. वीस वर्षांनी लागेल ते आत्ताच करून ठेवा, असे नातेवाईक सांगतात. आत्ता लागते तेवढेच करा, असे कर्जाचा हप्ता सांगतो. खालील उत्तरे तळमजला आणि त्यावर एक किंवा दोन मजले असलेल्या आरसीसी घराला धरून लिहिली आहेत. प्रत्येक घराची माती, जागा आणि माणसे वेगळी असल्यामुळे यातील आकडे दिशा कळण्यापुरते समजावेत आणि अंतिम आराखडा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

पुढची तजवीज म्हणजे नेमके काय, आणि ती कुठे थांबवावी?

जे काँक्रीटमध्ये, जमिनीत किंवा गिलाव्याच्या आत गाडले जाते त्याचा विचार आज करावा. जे दुकानातून आणून स्क्रूने बसवता येते ते उद्यावर सोडावे. पायाची ताकद, जोत्याची उंची, जिन्याची जागा, दरवाजांची रुंदी, स्लॅबमधून आणि बीममधून जाणाऱ्या पाइपांच्या वाटा या पहिल्या गटातल्या गोष्टी आहेत. इन्व्हर्टर, कॅमेरे, चार्जर, सोलर पॅनेल आणि मोबाइलवरून चालणारे दिवे दुसऱ्या गटात येतात, कारण त्यांच्या किमती आणि त्यांचे तंत्र दर काही वर्षांनी बदलत असते. १९९० च्या दशकात अनेक घरांच्या भिंतींत टेलिफोनच्या आणि केबल टीव्हीच्या तारा गाडल्या गेल्या. त्या तारा आज निरुपयोगी आहेत; मात्र ज्यांनी त्या मोकळ्या पाइपमधून नेल्या होत्या, त्यांच्याकडे त्याच पाइपमधून फायबर आत आले. म्हणून वस्तूवर खर्च करण्यापेक्षा वस्तू येण्याच्या वाटेवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एखादी सोय आज करावी की पुढे, याचा हिशेब कसा मांडावा?

तीन आकडे कागदावर लिहावेत: आजचा खर्च, तीच गोष्ट पुढे करताना तोडफोडीसह येणारा खर्च आणि ती गोष्ट खरोखर लागण्याची शक्यता. गृहकर्ज ९ टक्के दराने घेतले असेल तर आज जादा घातलेला एक लाख रुपया आठ वर्षांत व्याजासह जवळजवळ दोन लाखांचा होतो. याचा अर्थ असा की, आठ वर्षांनी ती सोय नक्की लागणार असेल, तर त्या वेळच्या दराने तिचा खर्च दोन लाखांपेक्षा जास्त असेल तरच ती आज करणे फायद्याचे. आणि ती लागण्याची शक्यता निम्मीच असेल, तर तो खर्च चार लाखांच्या वर जायला हवा.

या कसोटीवर भिंतीतील रिकामा पाइप सहज उतरतो. आज त्याला काही शे रुपये लागतात. पुढे तेच काम करताना भिंत फोडणे, गिलावा, पुट्टी आणि संपूर्ण खोलीचा रंग असा खर्च येतो, शिवाय घरभर धूळ होते ती वेगळीच. याउलट, कधी तरी लागेल म्हणून आज बसवलेली लिफ्ट या कसोटीवर बहुतेक वेळा टिकत नाही, मात्र लिफ्टसाठी राखलेली जागा टिकते. पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टींना हा हिशेब लावू नये. भूकंपाला तोंड देणारी रचना आणि पुराच्या वर असलेले जोते यांचा विचार शक्यतेच्या टक्क्यांवर सोडणे योग्य नाही.

आमचा प्लॉट नदीपासून लांब आहे. तरीही पुराचा विचार करावा का?

करावा, आणि कोल्हापुरात तो सर्वांत आधी करावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पाणी केवळ नदीकाठाने येत नाही. ते जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून उलटे चढते, आणि त्यामुळे नदी नजरेच्या टप्प्यातही नसलेल्या वसाहतींत ते शिरते.

जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा अर्थ नीट समजून घ्यावा. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आधारलेली असते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निश्चिंती, असा नाही. त्या पातळीचा पूर दर वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते, आणि तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुराबाबत हाच आकडा सुमारे ७० टक्के येतो. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट स्वस्त का मिळतो आहे, याचे उत्तर या आकड्यात आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर अटी असतात, त्यामुळे प्लॉट घेण्यापूर्वीच महापालिकेच्या नगररचना विभागात, किंवा हद्दीबाहेरच्या प्राधिकरणाच्या गावांत असल्यास तिकडच्या कार्यालयात, पूररेषेचा नकाशा पाहून घ्यावा.

बंधाऱ्यावरची फुटांतली पातळी थेट आपल्या प्लॉटला लावता येत नाही. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण असते किंवा लोकांना कुठली पायरी भिजली होती ते आठवत असते. सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल लावून त्या खुणेच्या आणि आपल्या जमिनीच्या उंचीतला फरक काढून घ्यावा. या कामाचा खर्च घराच्या खर्चापुढे नगण्य आहे आणि जोत्याची उंची ठरवताना यापेक्षा विश्वासार्ह आधार सामान्य माणसाला मिळत नाही.

पूर येऊ शकतो, तर संपूर्ण घर खांबांवर उचलून खाली मोकळे पार्किंग ठेवणे हाच उत्तम उपाय नाही का?

पुराच्या दृष्टीने तो चांगला उपाय आहे, पण भूकंपाच्या दृष्टीने तो धोक्याचा ठरू शकतो, आणि कोल्हापुरात दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशात कोल्हापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंपक्षेत्रात येते, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब झालेला नाही. वरच्या मजल्यांवर विटांच्या भरीव भिंती आणि खाली नुसते खांब अशी रचना असेल, तर हादऱ्याच्या वेळी सगळी वाकवणूक त्या खालच्या मजल्यावर एकवटते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमध्ये कोसळलेल्या अनेक इमारती अशाच, खाली मोकळे पार्किंग असलेल्या होत्या.

घर उचलायचेच असेल तर इंजिनिअरला हा मुद्दा स्पष्ट विचारावा. खालच्या मजल्यावर योग्य ठिकाणी आरसीसी भिंती देणे, तिथले कॉलम आणि बीम त्यानुसार अधिक ताकदीचे करणे, आणि उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे अंतर व त्यांचे आतल्या बाजूला वळवलेले हूक आयएस १३९२० या भूकंपरोधक आरसीसी कामाच्या मानकाप्रमाणे ठेवणे हे त्यावरचे मार्ग आहेत. रिंगचे टोक १३५ अंशांत आत वळवण्याऐवजी ९० अंशांत दुमडून मोकळे होणे ही सळई बांधणाऱ्यांची जुनी सवय आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक कॉलमपाशी उभे राहून हे तपासावे. ओतल्यानंतर ते दिसत नाही.

जिथे पाणी दोन-तीन फुटांपेक्षा जास्त येत नाही, तिथे संपूर्ण मजला उचलण्यापेक्षा उंच जोते आणि भिजले तरी चालेल असा तळमजला हा मध्यम मार्ग बरा. तळमजल्याचे स्विच आणि सॉकेट चार-पाच फुटांवर घ्यावेत, मीटर आणि मेन बोर्ड त्याहून वर, शक्यतो जिन्याच्या मधल्या लँडिंगवर न्यावा, आणि तळमजल्याच्या विजेचे सर्किट वेगळे ठेवावे म्हणजे खालची वीज बंद करून वर राहता येते. स्वयंपाकघर खाली असेल तर ओट्याखाली प्लायवूडऐवजी कडाप्प्याचे कप्पे करावेत. ड्रेनेजच्या पाइपवर उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवण्यासाठी चेंबर आजच बांधून ठेवावे, कारण पुराच्या वेळी घाण पाणी दारातून येण्याआधी बऱ्याचदा न्हाणीघराच्या जाळीतून वर येते. जमिनीतला हौद आणि सेप्टिक टाकी पुरात रिकामी असल्यास पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते, त्यामुळे पावसाळ्यात हौद भरलेला ठेवावा.

आज एकच मजला बांधत आहोत. पाया किती मजल्यांचा घ्यावा?

याचे उत्तर देण्यापूर्वी त्या जादा पायाला काय लागते ते पाहावे. भिंतींसह एका मजल्याचे वजन ढोबळमानाने दर चौरस मीटरला एक ते सव्वा टन धरले जाते. एका कॉलमवर १२ चौरस मीटरचा भार येत असेल तर दोन स्लॅबच्या घरात त्या कॉलमखाली पायाच्या स्वतःच्या वजनासह २९ टनांच्या आसपास भार येतो. जमिनीची वहनक्षमता दर चौरस मीटरला २० टन असेल तर सुमारे १.२ मीटर चौरस फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, पुरते. आणखी दोन मजले गृहीत धरले तर भार दुप्पट होतो, पण फुटिंगची बाजू १.७ मीटरच्या आसपास, म्हणजे दीडपटीपेक्षा कमी वाढते. कॉलमचा आकार, फुटिंगची जाडी आणि सळई मात्र वाढतेच, आणि भूकंपाचा हिशेबही चार मजल्यांच्या पूर्ण उंचीवर करावा लागतो.

मुरूम किंवा काळा दगड लवकर लागणाऱ्या जागेत ही वाढ सोसण्यासारखी असते. काळ्या मातीच्या जागेत तसे नसते, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुळात खोल जावे लागते किंवा पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात. म्हणून माती परीक्षण न करता पाया चार मजल्यांचा घ्या, असे जो सांगतो त्याचे ऐकू नये. शेजाऱ्याचा पाया पाच फुटांवर लागला म्हणून आपलाही लागेल, हा तर्क नदीच्या जुन्या गाळाच्या पट्ट्यात हमखास चुकतो.

आमचा सर्वसाधारण सल्ला असा की, ठरलेल्या बांधकामाच्या वर एका मजल्याची ताकद पायात आणि कॉलममध्ये ठेवावी. दोन मजल्यांची ठेवण्यासाठी ठोस कारण हवे. मंजुरीचा प्रश्न वेगळा आहे. पायात ताकद ठेवली म्हणजे मजल्याची परवानगी मिळाली असे होत नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चटई क्षेत्र, म्हणजे प्लॉटवर बांधता येणारे एकूण क्षेत्र, समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे, आणि घराभोवतीची मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतरेही सोडावी लागतात. अरुंद गल्लीतल्या प्लॉटवर चौथा मजला कधीच मंजूर होणार नसेल तर त्याचा पाया हा जमिनीत पुरलेला पैसा आहे.

गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया काढून ठेवाव्यात का?

पुढचा मजला पाच-सात वर्षांत नक्की चढणार असेल तर काढाव्यात, अन्यथा टाळाव्यात. उघड्या सळया कोल्हापूरच्या पावसात गंजतात, आणि गंज फुगून खालच्या कॉलमचे काँक्रीट आतून फोडतो. ठेवायच्याच असतील तर जोडाच्या लांबीसाठी सळईच्या व्यासाच्या सुमारे पन्नासपट, म्हणजे १६ मिलिमीटरच्या सळईला ८०० मिलिमीटर, इतकी लांबी सोडून सिमेंटच्या घट्ट पाण्याचा थर द्यावा आणि त्यावर कमी सिमेंटच्या काँक्रीटचे ठोकळे भरून टाकावेत. ते पुढे फोडून सळई मोकळी करता येते. शहराबाहेरच्या वसाहतींत फिरले की नुसत्या गंजलेल्या सळयांचे कुंपण झालेल्या कितीतरी गच्च्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांतली मुले आता पुण्यात स्थायिक झालेली असतात. मजल्याचा निर्णय मुलांच्या नोकरीच्या गावावर ठरतो, बापाच्या इच्छेवर नाही, हे लक्षात घेतलेले बरे.

जिना आतून घ्यावा की बाहेरून?

आमच्या मते घराच्या पुढच्या चाळीस वर्षांवर सर्वांत जास्त परिणाम करणारा निर्णय हाच आहे, आणि यावर सर्वांत कमी चर्चा होते. आतला जिना एका कुटुंबासाठी सोयीचा असतो. पण पुढे दोन भावांची चूल वेगळी झाली, वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला, किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला घर असल्यामुळे विद्यार्थी ठेवायचे ठरले, तर दिवाणखान्यातून वर जाणारा जिना रोजच्या भांडणाचे कारण होतो. बाहेरच्या जिन्याने हा प्रश्न सुटतो. त्याबदल्यात पावसात भिजत वर जावे लागते आणि एकत्र कुटुंबात वरची मंडळी थोडी लांब पडतात.

यावर एक सोपी मांडणी आहे. जिना घराच्या कडेला, बाहेरच्या भिंतीला लागून आतच घ्यावा आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणाऱ्या दाराची चौकट आजच बसवून, वर लिंटेल (दारावरची काँक्रीटची आडवी तुळई) देऊन, विटांनी बंद करून ठेवावी. आज तो आतला जिना असतो; पुढे विटा काढून आणि दिवाणखान्याच्या बाजूला एक दार लावून तोच स्वतंत्र जिना होतो. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर होऊ शकेल अशा एका खोलीत पाण्याची व सांडपाण्याची लाइन आणि दुसऱ्या मीटरसाठी जागा ठेवली की घराची दोन घरे करण्यासाठी मोठी तोडफोड उरत नाही.

आई-वडिलांसाठी आणि पुढे स्वतःच्या म्हातारपणासाठी काय करावे? लिफ्टचे काय?

तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि तिला लागून न्हाणीघर हवेच. त्या दोन्हींच्या दरवाजांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवावी, म्हणजे चाकांची खुर्ची विनासायास जाते. न्हाणीघराला अडीच फुटांचे दार लावण्याची प्रथा सोडून द्यावी. ते दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेला माणूस दाराला अडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कमोडच्या आणि शॉवरच्या भिंतीत हातकठड्यासाठी पोकळ ब्लॉक न घालता भरीव वीट किंवा काँक्रीटचा पट्टा द्यावा. कठडा पुढे कधीही लावता येतो, पण तो धरण्याइतकी भिंत पक्की असावी लागते.

इथे पुराचा सल्ला आणि म्हातारपणाचा सल्ला परस्परांच्या आड येतात. रॅम्पचा उतार बारास एक हवा. जोते दीड फूट असेल तर रॅम्प सुमारे साडेपाच मीटर लांब होतो. तीन फूट केले तर तो अकरा मीटरच्या जवळ जातो आणि लहान प्लॉटमध्ये मावत नाही. अशा वेळी सामासिक अंतरातून वळण घेणारा रॅम्प बसतो का ते नकाशातच पाहावे, आणि बसत नसेल तर निदान पायऱ्या १५० मिलिमीटर उंचीच्या, ३०० मिलिमीटर रुंदीच्या आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या कराव्यात.

लिफ्टसाठी प्रत्येक मजल्यावर एकावर एक येतील अशी सुमारे दीड मीटर चौरस जागा राखावी. तोवर ती कोठीची खोली किंवा कपड्यांचे कपाट म्हणून वापरता येते. त्या जागेचा स्लॅब चारी बाजूंनी बीम देऊन स्वतंत्र चौकोन म्हणून टाकावा, म्हणजे पुढे तेवढाच तुकडा कापता येतो आणि बाकीच्या स्लॅबला धक्का लागत नाही. खाली लिफ्टला खड्डा लागतो, त्यामुळे त्या चौकोनाखालून ड्रेनेजची लाइन किंवा प्लिंथ बीम नेऊ नये.

पाण्याची साठवण किती ठेवावी?

दरमाणशी रोज १३५ लिटर धरले तर पाच जणांच्या घराला दिवसाला पावणेसातशे लिटर पाणी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे ज्या उंच भागांत पुराचा थेंबही आला नाही तिथेही नळ कोरडे राहिले. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ मध्ये शहरात आले असले तरी आठवड्याभराची साठवण शहाणपणाची आहे. पाच हजार लिटरचा जमिनीतला हौद घ्यावा, त्याचे झाकण जमिनीपासून वर उचललेले असावे, आणि पूरप्रवण जागेत जमिनीतल्या हौदाऐवजी पाणी वर साठवावे. मात्र गच्चीवरच्या हजार लिटरच्या प्रत्येक टाकीचे वजन भरल्यावर एक टनाच्या वर जाते, म्हणून टाक्यांची जागा इंजिनिअरला आधी सांगावी.

फ्लश, बाग आणि गाडी धुण्यासाठी बोअरची किंवा पावसाच्या पाण्याची वेगळी लाइन आजच टाकावी. गच्चीवरून येणारे पावसाचे पाइप एका बाजूला एकत्र आणून ठेवले की जलपुनर्भरणाचा खड्डा पुढच्या पावसाळ्याआधी कधीही करता येतो.

गच्चीवर सोलर आज बसवावे की पुढे?

पॅनेल पुढे बसवली तरी चालतात, पण गच्चीची तयारी आजच व्हायला हवी. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि तेवढ्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठेवले आहे. त्यामुळे वीजबिल मोठे असेल तर थांबण्याचे कारण नाही.

वॉटरप्रूफिंगचा कोबा टाकण्याआधी स्टँडसाठी काँक्रीटचे ठोकळे स्लॅबशी जोडून घ्यावेत. कोबा झाल्यावर त्यात भोके पाडून बोल्ट ठोकले की दोन पावसाळ्यांत खालच्या छताला ओल येते, आणि मग सोलरवाला कोब्यावाल्याकडे व कोब्यावाला सोलरवाल्याकडे बोट दाखवतो. गच्चीपासून मीटरपर्यंत एक मोकळा पाइप आणि अर्थिंगची स्वतंत्र वाट ठेवावी. सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडे असल्यामुळे जिन्याची खोली आणि टाकी उत्तरेला घेणे सोयीचे. वास्तुशास्त्र मानणारी मंडळी टाकी नैर्ऋत्येलाच हवी म्हणतात आणि तिची सावली नेमकी दुपारनंतर पॅनेलवर पडते. अशा घरांत वाद घालण्यापेक्षा पॅनेलचा सांगाडा टाकीच्या उंचीवर नेणे हा शांततेचा मार्ग आहे, फक्त तो वाऱ्याचा जोर धरून डिझाइन केलेला असावा.

इलेक्ट्रिक गाडी, इंटरनेट आणि स्मार्ट घर यांसाठी वायरिंग कसे करावे?

गाडी उभी राहते तिथपर्यंत मेन बोर्डापासून ३२ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप न्यावा. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटने ३० युनिटांची बॅटरी रात्रभरात भरते; सात किलोवॉटचा चार्जर लावायचा झाल्यास ६ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तांब्याची केबल लागते, आणि ती पाइप असेल तर तासाभरात ओढून होते. बोर्डात काही जागा रिकाम्या ठेवाव्यात आणि थ्री-फेज जोडणीचा विचार महावितरणकडे अर्ज करतानाच करावा.

इंटरनेटसाठी रस्त्यापासून घरातल्या एका कोरड्या कपाटापर्यंत, आणि तिथून प्रत्येक मजल्याला, २५ मिलिमीटरचे पाइप आत दोरी घालून ठेवावेत. ते विजेच्या पाइपांपासून वेगळे असावेत. स्विचचे डबे खोल घ्यावेत आणि प्रत्येकात न्यूट्रल पोहोचवावी, कारण उद्या कुठलाही स्मार्ट स्विच आला तरी त्याला बहुधा हेच लागते. संपूर्ण घराची ऑटोमेशन यंत्रणा आज विकत घेऊ नये. ती बनवणारी कंपनी आपल्या घराइतकी जगेल याची खात्री कोणी देत नाही.

स्वयंपाकघरात गॅसची पाइपलाइन की इंडक्शन?

दोन्हींची वाट ठेवावी. बाहेरच्या भिंतीतून ओट्यापर्यंत गॅसच्या पाइपसाठी एक स्लीव्ह (भिंतीत आरपार बसवलेली नळी) आणि ओट्यावर ४ चौरस मिलिमीटरच्या तारेचे १६ अँपिअरचे दोन स्वतंत्र पॉइंट पुरेसे आहेत.

या सगळ्यासाठी एकूण किती रक्कम बाजूला ठेवावी?

पाया आणि जोत्याचा जादा खर्च मूळ बांधकामाचाच भाग समजावा. त्याशिवाय बाकीच्या तजविजीसाठी बांधकाम खर्चाच्या तीन टक्क्यांच्या आसपास रक्कम बहुतेक घरांना पुरावी, असा आमचा अंदाज आहे. ती पाचच्या वर गेली तर आपण वाटा सोडून वस्तू विकत घेऊ लागलो आहोत का, ते तपासावे. ठेकेदाराशी चौरस फुटाच्या दराने करार होत असल्यामुळे रिकामे पाइप, स्लीव्ह, जादा लिंटेल आणि ठोकळे या सर्व बाबी करारात आकड्यांसह लिहून घ्याव्यात. काम सुरू झाल्यावर सांगितलेली प्रत्येक गोष्ट 'एक्स्ट्रा' होते आणि तिचा दर ठेकेदार सांगेल तो असतो. कर्जाच्या अंदाजपत्रकातही या बाबी सुरुवातीलाच घालाव्यात.

आमचा पहिला स्लॅब पडून गेला आहे. आता काय करता येईल?

पाया, कॉलम आणि जोते आता हातात नाही, त्यामुळे जादा मजल्याचा विचार इंजिनिअरच्या मूळ गणितापुरताच ठेवावा. बीममधून पाइप न्यायचा राहिला असेल तर गवंड्याला छिन्नी-हातोडी लावू देऊ नये. इंजिनिअरने दाखवलेल्या जागीच कोअर कटिंग मशीनने भोक पाडावे, तेही सळई टाळून. विटांचे काम चालू असेल तर दरवाजांची रुंदी, बंद चौकट आणि हातकठड्याच्या भिंती अजून सुधारता येतात. गिलावा व्हायचा असेल तर विजेचे, इंटरनेटचे आणि सोलरचे सगळे पाइप याच आठवड्यात टाकून घ्यावेत. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, टेप धरून, मोबाइलवर फोटो काढावा आणि त्या फोटोंची एक प्रत मंजूर नकाशाच्या फाइलमध्ये छापून लावावी, म्हणजे पुढे ड्रिल चालवणाऱ्या माणसाला पाइप कुठे आहे ते सांगता येते. गच्चीचा कोबा राहिला असेल तर सोलरचे ठोकळे आणि टाक्यांची जागा अजूनही ठरवता येते. त्यासाठी कोब्यावाला यायच्या आधी सोलर बसवणाऱ्याला एकदा गच्चीवर नेऊन मापे घ्यायला लावावीत.